उशीवरची कात

१

ठेव विश्वास. ठेवूनच दाखव. मी आता जे सांगून राहिली त्यातल्या एका शब्दावर जरी तुहा विश्वास बसला ना स्वरदा, तर तू जिंकली अन् मी हरली. रायपूरच्या या अख्ख्या गुढियारीत माह्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, अन् बरोबरच करतात. तुहा आजोबा यशवंतराव, माहा धाकला दीर, त्याच्या लग्नात व्याह्यांच्या चहात मीठ कोणी घातलं होतं? मी. तुह्या बापाच्या तोंडावर लाल शाईचे ठिपके काढून 'तुले देवी आल्या' म्हणून त्याले रडवलं कोणी? मीच. चौथी पास झाली, पाचवीत मास्तरच्या खुर्चीवर खाजकुयरी टाकली, म्हणून बापानं घरी बसवली. तर अशी मी.

अन् तू मले विचारून राहिली, आजी, केमिकल पील केला तर काय काय होते? आग किती होते, चेहरा सोलून निघते म्हणजे नेमकं काय होते? म्हातारीले विचारायचा विषय आहे का हा? पण तुले कोणीतरी सांगितलं असन, या घरात झाला होता. अनुश्रीचा.

बस, दाराजवळ बस. आतल्या खोलीकडं पाठ करू नको. अशी, तोंड इकडं. हं.

२

अनुश्री माह्या लेकीची लेक. लेक गेली तवा पोट्टी पाळण्यात होती, अन् जावयानं अकोल्याले दुसरा संसार मांडला. मग आम्हीच वाढवली, मी अन् तुहे मोठे आजोबा, नरहर. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर होते, म्हणून हे घर असं रुळाच्या अंगाले. तेही गेले, मग राहिलो दोघीच. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. 'अनु, जेवली का?' 'हां आजी, खा लिया.' भाषा दोन, पण भांडण एकच चालायचं.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर त्याची राजधानी झालं अन् शहराचं डोकं फिरलं. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, भोपाळचे साहेब आले, जिकडं पाहावं तिकडं रस्ता खोदलेला. अन् त्या धुळीतून नवे नवे दवाखाने उगवले. दाताचा वेगळा, केसाचा वेगळा, चामडीचा वेगळा. आधी चामडीच्या डॉक्टरकडं लोक तोंड लपवून जायचे. आता एसीत बसून, कॉफी पिऊन जायला लागले.

पोट्टीले कॉलेजात मुरुमं आली. गेली तिथं काळे डाग ठेवून गेली, अन् ही नखानं खोदत बसायची, म्हणून खड्डे. तिले विमानात चहा वाटणारी व्हायचं होतं. हास तू, मीही हसली होती. त्याचीही शाळा निघाली होती तवा. चालणं, बोलणं, हसणं, सगळ्यात पास झाली. पण दिल्लीहून आलेल्या बाईनं तोंडावर सांगितलं, 'सब अच्छा है बेटा, पहले स्किन ठीक करके आओ.'

त्या दिवसापासून तिनं स्कार्फ सोडला नाही. आपल्याकडच्या पोट्ट्या स्कूटीवर बसताना कशा बांधतात, डोळे तेवढे दिसतात, हातात कोपरापर्यंत मोजे. ती तशीच घरात बसायची. तशीच जेवायची. कपडा उचलून घास आत.

मग मीच म्हटलं, चाल डॉक्टरकडं. अन् म्हणता म्हणता मनात म्हटलं, नको जाऊ. काहून? अवं, चेहरा साफ झाला की पोट्टी उडून जाणार, अन् घरात उरणार मी अन् मालगाडीच्या डब्ब्यांचा खडखडाट. मले वाटे, ती हसली पाहिजे. मले हेही वाटे, ती गेली नाही पाहिजे. एकाच तोंडानं देवाले दोन्ही कसं मागायचं, सांग.

३

डॉक्टरीण मीनल मॅडम, मूळची नागपूरची. मराठी ऐकून खूष झाली. पहिल्या दिवशी तिनं काहीच लावलं नाही. भिंगातून पाहिलं अन् विचारत बसली. पार्लरमधी ब्लीच करता का, कोणती गोळी चालू आहे का, ओठावर तापाचा फोड उठते का, जखमेचा डाग राहते का. रात्री लावायचं मलम दिलं, उन्हाचं मलम दिलं. म्हणाली, 'काही दिवस हे लावा, त्वचा तयार होऊ द्या, मग या.'

म्हटलं, 'म्हणजे पेरायच्या आधी वखर मारल्यासारखं?'

'तसंच समजा आजी. पण आधीच सांगते, एका वेळी सगळं जात नाही. डाग फिके होतात, खड्डे थोडे भरतात. दोन-चारदा यावं लागेल. जादू नाही ही.'

जादू नाही, हे ती स्वतः म्हणाली. तिची काहीच चूक नाही, बरं. चांगली बाई. मी तिले आजही हात जोडते.

मग त्या दिवशी पोट्टीचे केस पट्टीनं मागं बांधले. चेहरा पुसला. डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकपुडीपाशी, ओठाच्या कडेले व्हॅसलीन लावलं, डोळ्यावर ओला कापूस ठेवला, अन् ब्रशनं पाण्यासारखं औषध फिरवलं. हातात छोटा पंखा दिला. 'आधी मुंग्या येतील, मग आग होईल, मग आपोआप कमी होईल. सहन नाही झालं तर हात वर कर.' पोट्टीच्या पायाची बोटं आखडली. मी म्हटलं, 'मॅडम, दुसरा हात मारताना डिस्टेंपर नका वापरू, ऑइलपेंट मारा, टिकते.'

'आजी, हंसाओ मत ना!'

थोड्या वेळानं तिच्या गालावर पांढरं चढलं. हिवाळ्यात गवतावर दहिवर पडते तसं. मॅडमनं आधीच सांगितलं होतं, असं येते, घाबरायचं नाही, औषध लागल्याची खूण आहे. मी घाबरलीही नाही. फक्त एक झालं. डोळे कापसाखाली, तोंड मिटलेलं, सगळं पांढरं, अन् मले एकदम वाटलं की टेबलावर नुसता चेहरा ठेवलेला आहे. पोट्टी त्याच्या मागं नाही. पंखा फिरून राहिला होता, म्हणजे हात तं तिचाच होता. मी तिच्या पायाचा अंगठा धरला. गरम होता. तवा बरं वाटलं.

मग थंड पाण्याच्या पट्ट्या. उठून बसली तं टमाटर! मॅडम म्हणाली, ऊन नाही, वाफ नाही, हळद-बेसन तर अजिबात नाही, अन् सुटलेली चामडी ओढायची नाही. तिची ती पडेल, पडू द्या. मग मले म्हणते, 'तुम्हालाही करायचा का आजी?'

म्हटलं, 'माही कात काढाल तं खालून माह्या सासूचं तोंड निघन. तुम्हीच दवाखाना सोडून पळाल.'

तिघीही हसलो.

४

पहिल्यांदा चेहरा ताणून बसते, भाजलेल्या पापडासारखा. हसता येत नाही. मग रंग चहासारखा होते. मग तोंडाच्या कडेले चिरा पडतात, कारण बाई सगळ्यात जास्त तोंडच हलवते. अन् मग सुटायला लागते. खाज येते, पण हात लावायचा नाही. पोट्टी हाताचे मोजे घालूनच झोपायची, नख लागू नये म्हणून.

सकाळी उशीवर तुकडे पडलेले असत. कांद्याच्या पापुद्र्यासारखे.

आता आपल्या घरची रीत तुले माहीत आहे. विंचरल्यावर निघालेले केस आपण तसे टाकत नाही. बोटाले गुंडाळायचे, थू थू करायचं, मग टाकायचे. माणसाचं काही मागं पडून राहिलं नाही पाहिजे. मग चामडी कशी झाडून टाकू? मॅडमले विचारलं असतं तं ती हसली असती. मी तुकडे वेचून स्टीलच्या वाटीत ठेवत गेली, वर झाकण.

सुटे सुटे ठेवलेले. संध्याकाळी झाकण काढलं तं एकाले एक लागून बसलेले. म्हटलं, मलम आहे, व्हॅसलीन आहे, उकाडा आहे, चिकटणारच. बोटानं वेगळे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागले, अन् या वेळी नीट लागले. नाकाजवळचा तुकडा गालाच्या तुकड्याले, जसा पाहिजे तसा. कसं ओळखलं म्हणशील तं तिथं एक खड्डा होता, वाटाण्याएवढा. ते तोंड मी लहानपणापासून धुतलं, मी ओळखणार नाही?

स्वतःलेच म्हटलं, मंदे, तुह्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. झाकण लावलं. वर खलबत्त्याचा बत्ता ठेवला.

आता बत्ता काहून ठेवला, ते नको विचारू. हाताजवळ होता, ठेवला.

५

सगळं पडून गेलं अन् खालून निघाली गुलाबी पोट्टी. डाग होते, पण फिके, पाण्यात धुतलेल्या शाईसारखे. तिनं आरसा हातात घेतला अन् ठेवेचना. स्कार्फ खुंटीवर गेला. मी म्हटलं, दृष्ट काढू दे.

दिवेलागणीले मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या. वाटीतली कातही त्यातच घेतली, कारण ती कुठंतरी टाकायचीच होती. पोट्टीले पाटावर बसवलं अन् ओवाळत गेली. 'आल्यागेल्याची, शेजारपाजारची, बाजारहाटाची, दिल्लीच्या त्या मॅडमची, ज्याची असन त्याले जावो.'

इथवर ठीक होतं. पण पोट्टी हसून राहिली होती. कितीक दिवसांनी, उघड्या तोंडानं. तिले आणखी हसवावं म्हणून माही जीभ सुटली. तात्यापाऱ्याच्या बाजारातला कपडेवाला ओरडते ना, तशी ओरडली. 'अन् ही कात! ताजी आहे, एकदम ताजी! ज्याले पाहिजे त्यानं न्यावी हो! पैसा नको, अडका नको, बदल्यात म्हातारीजवळ येऊन बसावं!'

'आजी, आप भी ना!' पोट्टी पाटावरून लवंडली हसून हसून.

मी मूठ घेऊन गेली तिठ्यावर, जिथं मालधक्क्याचा रस्ता आपल्या गल्लीले लागते. टाकली. मागं पाहायचं नसते. पण मी तं मंदाकिनी, मी पाहिलं. एक कुत्रं आलं, त्यानं वास घेतला. मग ते कान पाडून बाजूनं गेलं, लांबून, जसं कोणी बसलेल्या माणसाले वळसा घालून जाते तसं.

सकाळी दूध आणायला गेली तं मीठ तिथंच, मोहरी तिथंच, मिरच्याही तिथंच. कात नव्हती.

मुंग्यांनी नेली असन. मी तेच म्हटलं. तूही तेच म्हण.

६

मग विमला. भाजीवाली विमला, पाटी घेऊन येते ती. मले म्हणाली, 'दाई, तोर नतनीन ला देखेंव बजार म. मुंह ला बांधे रिहिस. हांक पारेंव, फेर नइ बोलिस.' म्हणजे माही नात बाजारात दिसली, तोंड बांधलेलं, हाक मारली तरी बोलली नाही.

म्हटलं, 'अवं, ती तं घरात आहे, डोक्याले मेंदी लावून बसली आहे.'

'हव? त कोन रिहिस?'

आता रायपुरात स्कार्फ बांधलेली पोट्टी पाहून कोण आहे ते सांगता येते का? अर्ध्या शहराले एकच तोंड आहे. मी तिले तसं म्हटलं, ती हसली. पुढं काही दिवसांनी पुन्हा म्हणाली, हातपंपाजवळ पाहिली. मग म्हणाली, तुमच्या गल्लीच्या तोंडावर पाहिली, एती आवत रिहिस, फेर लहुट गे. म्हणजे इकडंच येत होती, मग परतली.

मी हिशेब केला नाही. पण बाजार, मग हातपंप, मग गल्ली. ते तं कोणाच्याही ध्यानात येईन.

इकडं अनुच्या आणखी बैठका झाल्या दवाखान्यात. चेहरा असा झाला की मलेच तिच्याकडं पाहताना नवं वाटे. दिल्लीच्या बाईनं या वेळी घेतली. मी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले, अन् एका पेढ्यात मिरची घातली, तो तुह्या बापाले गेला. स्टेशनावर म्हटलं, 'विमानाची खिडकी उघडू नको, धूळ येते.' ती गळ्यात पडली. 'आजी, रोओगी तो नहीं ना?' म्हटलं, 'मी कायले रडू? आता अख्खा पलंग माहा.'

घरी आली. कुलूप उघडलं. चप्पल काढली अन् दारातच बसली. आत जायला कारण सापडेना. मालगाडीचे डब्बे एकमेकांवर आदळले, भांडी थरथरली, मग तीही गप झाली. 

७

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. तो काळा फोन, तुह्या आजोबानं लावून दिलेला. 'आजी, पहुंच गई. हॉस्टल अच्छा है. खाना खाया आपने?'

मी म्हणून राहिली होती, हव, खाल्लं. खाल्लं नव्हतं. अन् तेवढ्यात स्वयंपाकघरात लायटर वाजला.

मी ऐकलं. गॅस पेटला. भांड्यात पाणी पडलं. मग अदरक ठेचल्याचा आवाज, ठक ठक. अनु चहात अदरक घालत नाही. मी घालते.

पोट्टी फोनवर म्हणाली, 'आजी, कोई है क्या? आवाज आ रही है.'

म्हणजे माहे कान खोटे नव्हते. दिल्लीपर्यंत ऐकू गेलं. म्हटलं, 'विमला आहे, चहा करून राहिली.' काहून तसं म्हटलं, मले माहीत नाही. तोंडातून निघालं. फोन ठेवला अन् हलली नाही.

ती कप घेऊन आली. स्कार्फ बांधलेला, हातात मोजे. अनुचाच सलवार-सूट, जुना, जो मी बोहारणीले देण्यासाठी बाजूले काढला होता. माह्यासमोर कप ठेवला अन् खाली बसली, माह्या पायाशी. श्वास ऐकू येत होता, कपड्यातून येते तसा, जाड. मी कप उचलला, कारण हाताले काही तरी काम पाहिजे होतं. घोट घेतला.

चहात मीठ होतं.

मी तिच्याकडं पाहिलं. स्कार्फच्या वर डोळे हसून राहिले होते. डोळ्याखाली तोच काळा डाग, कपड्याच्या काठाशी नाकाजवळ तोच खड्डा, जो माह्या पोट्टीच्या तोंडावरून मी स्वतः जाताना पाहिला होता.

'आजी,' ती म्हणाली, 'काहून घाबरून राहिली?'

मराठीत. माह्यासारखी. माह्या अनुनं जन्मात मले असं मराठीत विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, 'कोण वं तू?'

'तूच तं बोलावलं.'

बस, इतकंच. मी ओरडली असन असं तुले वाटते. तू राहून पाहा एकटी या घरात, मग सांग. मी कप संपवला. सगळा, मिठासकट.

८

तवापासून राहून राहिली. आतल्या खोलीत.

दिवसा कमी दिसते. संध्याकाळी बसते माह्याजवळ, म्हटल्याप्रमाणे. मी गोष्टी सांगते, ती ऐकते, अन् मी थाप मारली की ओळखते. अनु ओळखायची नाही. मागल्या हिवाळ्यात मले ताप चढला तवा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या तिनं. शुद्ध आली तं मोजा काढलेला हात माह्या हातात होता. थंड, गुळगुळीत. तळव्यावर एक रेघ नाही. कोऱ्या पाटीसारखा. मी तो हात सोडला नाही. हात धरणाऱ्याची रेघ पाहायची असते का? सख्ख्यांनी नसता धरला असा तिनं धरला. मी देवाले म्हटलं, तू पाठवली नसशील, तरी तुहे उपकार.

अनु दिवाळीत आली होती, गोड दिसून राहिली होती, मोबाइलवर बोलून राहिली होती. त्या दिवसांत ही कुठं होती, मले ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. पण अनु तिच्या जुन्या पलंगावर झोपली अन् सकाळी उशी घेऊन आली. म्हणते, 'आजी, आपको स्किन की कोई प्रॉब्लम है क्या? पूरा तकिया भरा पड़ा है.'

उशीवर तुकडे होते. बारीक.

म्हटलं, 'म्हातारपण आहे, कोंडा पडते.' तिनं मले महागाची क्रीम पाठवली दिल्लीहून. चांगली पोट्टी आहे ती. दोन्ही चांगल्या आहेत. इतकं कोणाच्या नशिबात असते, सांग बरं?

९

पण कात टिकत नाही, स्वरदा. अंगावर उगवलेली टिकत नाही, मग मागून घेतलेली किती टिकन?

आधी ओठाच्या कडेले उचलली. मग कानापाशी. मी ती क्रीम लावते, व्हॅसलीन लावते, मॅडमनं सांगितलं होतं तसं अजिबात ओढत नाही. ती लहान लेकरासारखी मान वर करून बसते. रोज थोडी सुटते. सुटलेले तुकडे मी वेचते, वाटीत ठेवते, पण ते आता एकमेकाले लागत नाहीत. सुटेच राहतात. भुगा होते त्यांचा.

परवा दुपारी ती खिडकीत बसली होती, माह्याकडं तोंड करून. स्कार्फ घसरला. गालाचा एक मोठा तुकडा लोंबकळून राहिला होता, कागदासारखा. मी जवळ गेली बसवायला. अन् त्या जागेतून, जिथं गाल पाहिजे होता, तिथून मले खिडकीचे गज दिसले. मागचे. अन् गजाच्या पलीकडं रूळ, अन् रुळावरून जाणारा एक माणूस डोक्यावर पोतं घेऊन.

मोतीबिंदू आहे माह्या डोळ्यात. दोन्ही. डॉक्टरनं सांगितलं आहे, ऑपरेशन करा म्हणून. मी तो तुकडा बोटानं दाबून बसवला, अन् ती म्हणाली, 'आजी, आणखी किती दिवस?' मी म्हटलं, 'लय दिवस वं.' खोटं बोलली. तिनं ओळखलं.

अन् त्याच संध्याकाळी तुहा फोन आला. आजी, येऊ का, पीलचं विचारायचं आहे. मी म्हटलं, ये. लगेच ये म्हटलं.

आता तुले सांगते मी ते काहून म्हटलं. तुहे गाल पाहिले मी, तू दारातून आत आली तवा. दोन डाग आहेत फक्त, बाकी कसं लोण्यासारखं. म्हटलं, ही पोट्टी दवाखान्यात जाईन, घरी येईन, चेहरा सुटन, अन् मी म्हणीन, स्वरदे, काही दिवस माह्याकडंच राहा, मी काळजी घेते तुही, उशी मी झाडते. तुह्या आईले बरं वाटलं असतं. तुलेही कळलं नसतं. तुहं काहीच बिघडलं नसतं, पडणारीच वस्तू होती. अन् तुह्या कातीवर माही पोट्टी इथं राहिली असती.

मी तोंड उघडलं ते तुले इथं राहा म्हणायले. बोलत बोलत तुह्याकडं पाहत गेली. तू माह्या थापा ऐकताना तोंड उघडं टाकून हसते, अगदी तुह्या आजोबासारखी, दात दाखवून. अन् मले वाटलं, त्या दाताखालचं अन् गालाखालचं कोणी मागायले आलं तं? एकदा दिलं की ते कुठवर मागत जाईन, हे मले कुठं ठाऊक आहे? मले तिची दया येते, पण ती काय आहे ते मले ठाऊक नाही. अजून नाही.

तर ऐक. जायचं असन तं जा मीनल मॅडमकडं. चांगली बाई आहे, नीट विचारून करते, तिच्या हातानं काही वाईट होत नाही. उन्हात फिरू नको, ओढू नको. अन् जे पडन ते नळाखाली धर अन् वाहू दे. वाटीत ठेवू नको, कोणी मागितलं तं देऊ नको. मी मागितलं तरी देऊ नको. अन् चेहरा सुटून राहिला असन त्या दिवसांत या घराची पायरी चढू नको. मी रडून बोलावलं तरी. म्हातारीच्या मनाचा भरवसा नाही, संध्याकाळी ते वेगळंच होते.

माही काळजी करू नको. मले पुष्कळ मिळालं, स्वरदा. एवढं मिळालं की आता एकटी राहिली तरी मी एकटी नव्हती असं म्हणू शकते.

नाही बसला ना विश्वास? हास, हास. बरं केलं.

पण आवाज खाली कर जरा. आतल्या खोलीचा पडदा हलून राहिला, अन् पंखा तं बंद आहे. मघापासून ती तुह्या गालाकडं पाहून राहिली आहे, मी तुह्याकडं पाहत होती तशीच. चप्पल हातात घे, बाहेर घालजो. जाय आता.

जाय म्हटलं ना.